आदेशाच्या तळाशी हवी असलेली ओळ

संयोजक, स्वागताध्यक्ष आणि निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेले सेवाविषयक कायद्याचे अभ्यासक व वकील यांचे आभार मानल्यानंतर वर्षभरातील न्यायनिर्णयांचा आढावा घेण्याची या संमेलनाच्या अध्यक्षपदाची प्रथा आहे. तथापि शासकीय नोकरीतील भेदभावाच्या किती तरी तक्रारी गुणदोषांवर तपासल्या जाण्यापूर्वीच मुदतीच्या मुद्द्यावर बाद होतात, आणि त्यांना वगळून घेतलेला आढावा केवळ दाराच्या आत पोहोचलेल्यांचाच ठरतो, म्हणून प्रस्तुत भाषणात मुदतीखेरीज अन्य विषयाला फारसा वाव दिलेला नाही.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १६ ने शासकीय सेवेत संधीची समानता दिली, आणि ती नाकारली गेल्यास दाद मागण्यासाठी प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ अन्वये न्यायाधिकरणे आली; महाराष्ट्रात या न्यायाधिकरणाला सर्वत्र ‘मॅट’ म्हणतात. या अधिनियमाच्या कलम २१ नुसार अंतिम आदेशापासून एक वर्षात अर्ज करावा लागतो. वरिष्ठांकडे अपील किंवा निवेदन केले असून सहा महिन्यांत त्याचा निर्णय झाला नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष मिळते. मात्र यातील निवेदन सेवानियमांत तरतूद असलेले हवे. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने १९८९ मध्येच स्पष्ट केले की नियमांत तरतूद नसलेली निवेदने पुन्हा पुन्हा केल्याने मुदत वाढत नाही. कार्यालयीन रीत नेमकी याच्या उलट आहे, कारण तेथे आधी निवेदन, मग स्मरणपत्र, मग साहेबांची भेट हाच सभ्य मार्ग मानला जातो आणि थेट न्यायाधिकरणात जाणारा उद्धट ठरतो.

कामाच्या ठिकाणी होणारा लैंगिक छळ हा समानतेच्या हक्काचा भंग होय, असे मानणाऱ्या २०१३ च्या अधिनियमातील रचना तर अधिकच विचित्र आहे. तक्रारीची चौकशी करणाऱ्या समितीच्या शिफारशींवर कार्यवाही करण्यास नियोक्त्याला, म्हणजे नोकरी देणाऱ्या कार्यालयाला, ६० दिवस मिळतात. अपिलाचे ९० दिवस मात्र शिफारशींपासूनच मोजले जातात, आणि शिफारशींची अंमलबजावणी न होणे हेही अपिलाचे एक कारण आहे. परिणामी कार्यालय स्वस्थ बसले आहे हे सिद्ध होईपर्यंत तक्रारदार स्त्रीच्या हाती जेमतेम ३० दिवस उरतात. ही आकडेमोड तिला कोणी समजावून सांगावी, याविषयी अधिनियम मौन बाळगतो.

सकाळच्या सत्रात या प्रश्नावर दोन पक्ष पडले. ज्येष्ठतासूची वर्षानुवर्षे खुली ठेवल्यास निष्पाप सहकाऱ्यांच्या पदोन्नत्या टांगणीला लागतात, असे एका पक्षाचे म्हणणे होते व ते पोकळ नाही. भेदभावाला मुदतीचे बंधनच नसावे, असा दुसऱ्याचा आग्रह होता. दोन्ही पक्ष मुदतीच्या लांबीवर भांडत राहिले. प्रस्तुत अध्यक्षांच्या दीर्घ वकिलीतील एक प्रकरण या वादाचा निकाल लावण्यास पुरेसे आहे. प्रसूती रजेच्या काळात पदोन्नतीतून डावलल्या गेलेल्या एका महिला लिपिकाने निवेदन दिले, आस्थापना शाखेने फाईल वर गेल्याचे तोंडी सांगितले, आणि प्रत्येक स्मरणपत्रावर तिने आवक शिक्क्याची पोच घेतली, कारण पोच जपावी हेच तिला नोकरीत शिकवले गेले होते. न्यायाधिकरणात त्याच पोचपावत्या तिच्याविरुद्ध वाचल्या गेल्या: अन्याय झाल्याचे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, याचा तो लेखी पुरावा ठरला. विलंबमाफी, म्हणजे पुरेसे कारण दाखवून उशीर माफ करून घेण्याची सवलत, तिला मिळाली नाही. रजेमुळे पदोन्नती हुकली काय, हा प्रश्न शेवटपर्यंत कोणी विचारलाच नाही.

तिला दोन वर्षे मिळाली असती तरी तीही स्मरणपत्रांतच सरली असती. तिला हवी होती ती आदेशाच्या तळाशी एक ओळ: दाद कोणाकडे, किती दिवसांत.

कायद्याचे अज्ञान ही सबब नव्हे, असे यावर सांगितले जाते. परंतु माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ७(८) नुसार माहिती नाकारताना कारणांसोबत अपिलाची मुदत व अपिलीय प्राधिकाऱ्याचा तपशील कळवणे बंधनकारक आहे. एखाद्या कागदाची प्रत नाकारली गेलेल्या नागरिकाला जे सौजन्य मिळते, ते उमेदीची वर्षे नाकारली गेलेल्या कर्मचाऱ्याला का मिळू नये, याचे समाधानकारक उत्तर कोणत्याही विधी अधिकाऱ्याकडून आजवर मिळालेले नाही. अमेरिकेच्या संघीय सेवेतील मुदती याहून कडक आहेत, कारण तेथे समुपदेशकाशी ४५ दिवसांत संपर्क साधावा लागतो आणि विभागाच्या अंतिम निर्णयावर समान रोजगार संधी आयोगाकडे अपील करण्यास ३० दिवसच असतात. तरीही त्या निर्णयात अपिलाचा हक्क व मुदत नमूद करावीच लागते, आणि मुदतीची सूचना मिळाली नव्हती व ती अन्यथाही ठाऊक नव्हती असे तक्रारदाराने दाखवल्यास ४५ दिवसांची मर्यादा वाढवून दिली जाते.

या ओळीचा नमुना तयार करून तो सामान्य प्रशासन विभागाकडे पाठवण्यासाठी संमेलनाने एक छोटी समिती नेमावी, असे सुचवण्यात येत आहे. शासन निर्णय पुरेल की नियमांतच दुरुस्ती लागेल, ओळ नसलेल्या आदेशांची मुदत कधीपासून मोजावी आणि पूर्वी बाद झालेल्या प्रकरणांचे काय करावे, हे समितीने ठरवावे. सदस्यांची नावे भोजनोत्तर सत्रात घेतली जातील.