प्लिमथचा मका आणि सलेचा बाजार

अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा सण जवळ आला की प्लिमथच्या वसाहतीची एक गोष्ट दरवर्षी नव्याने सांगितली जाते. १६२० साली ‘मेफ्लॉवर’मधून आलेल्या लोकांनी आधी सामाईक शेती केली, ती फसली, १६२३ साली घराघराला जमीन वाटून दिली आणि मका उदंड पिकला. म्हणून खासगी मालकीचा जयजयकार! ही गोष्ट बनावट आहे असे मी म्हणणार नाही. वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यानेच तसे लिहून ठेवले आहे. पूर्वी अंगात ताकद नाही म्हणणाऱ्या बायका वाटणीनंतर लहानग्यांना घेऊन मका लावायला शेतात गेल्या, असे तो सांगतो. माझे म्हणणे एवढेच की, ही शेती नुसती बांधावर उभे राहून कळत नाही. तिचा जमाखर्च समुद्रावर ठरत होता आणि त्याच समुद्रावर माणसांचा व्यापारही चालला होता. ही शेती शिकवणारा माणूस त्या बाजारातून सुटून आला होता, आणि तिची कमाई इंग्लंडला नेणारे खलाशी त्याच जातीच्या दुसऱ्या बाजारात विकले गेले.

आधी शिकवणाऱ्याविषयी. टिस्क्वांटम, ज्याला इंग्रज स्क्वांटो म्हणत, तो पटक्सेट गावचा. १६१४ साली थॉमस हंट नावाच्या इंग्रज कप्तानाने त्याला आणि वीसहून अधिक किनारवासीयांना फसवून गलबतावर घेतले आणि स्पेनमधल्या मलागा बंदरात नेले. तिथे सुकी मासळी विकायची होती. तिच्याबरोबर माणसेही विकायला काढली. स्क्वांटो तिथून कसाबसा लंडनला पोचला आणि १६१९ साली मायदेशी परतला, तेव्हा साथीच्या रोगाने त्याचे अख्खे गाव पुसले गेले होते. मेफ्लॉवरवाल्यांनी वस्ती केली ती या पटक्सेटच्या आयत्या साफ केलेल्या शेतांवर. मका केव्हा लावायचा आणि जुन्या, कस गेलेल्या जमिनीत खत म्हणून मासे कसे घालायचे, हे त्यांना या माणसाने शिकवले. तो त्यांच्याशी इंग्रजीत बोलू शकला याचे कारण हंटचे गलबत. या वसाहतीच्या पहिल्या कापणीला अपहरणाचा हातभार लागला आहे, हे आपण नाकारू शकत नाही.

आता कमाई. प्लिमथचे भांडवल लंडनच्या सुमारे सत्तर व्यापाऱ्यांचे. सात वर्षे सारे उत्पन्न एका सामाईक गल्ल्यात जमा करायचे, ही अट त्यांच्या करारातली. म्हणजे जिला आज समाजवादी प्रयोग म्हणून हिणवतात ती सामाईक शेती खरे तर भांडवलदारांनीच लादलेली होती! मक्याने पोट भरत होते, पण लंडनला मका चालत नव्हता. तिथे हवी होती बीव्हरची कातडी. म्हणून १६२५च्या कापणीनंतर वसाहतीतला एडवर्ड विन्स्लो होडीभर मका घेऊन केनेबेक नदीवर गेला आणि सातशे पौंड वजनाची बीव्हरची कातडी घेऊन आला. मक्याचे बीव्हर झाल्याखेरीज कर्ज फिटणार नव्हते, आणि बीव्हर महासागर ओलांडल्याखेरीज त्याचे पैसे होणार नव्हते. त्याच वर्षी दोन गलबते इंग्लंडला निघाली. वसाहतीने सुमारे आठशे पौंड बीव्हर चढवला. मोठ्या गलबताच्या कप्तानाला तो सुरक्षिततेसाठी आपल्याकडे हवा होता. पण माल धाकट्या गलबतातूनच लंडनला धाडीन, असा पाचशे पौंडांचा करारनामा विन्स्लोने लिहून दिला होता. वाद झाला, आणि कागद जिंकला. हवा छान होती. मोठ्याने धाकट्याला दोरखंडाने ओढत थेट इंग्लिश खाडीपर्यंत आणले. दोर सोडला आणि इंग्लंडमधले प्लिमथ जवळजवळ दिसू लागले असताना मोरोक्कोच्या लुटारूंनी ते धाकटे गलबत पकडून सले बंदरात नेले. कातडी चार-चार पेन्सला फुंकली गेली. कप्तान आणि खलाशी गुलाम झाले. ब्रॅडफर्डने कातड्यांचा भाव लिहिला. खलाशांची नावे लिहिली नाहीत.

यावर कोणी म्हणेल, हा दुर्दैवाचा घाला. त्याने १६२३ची वाटणी खोटी ठरत नाही. मान्य. माणूस आपल्या घासासाठी जास्त राबतो, हे कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पण ती वाटणी एका हंगामापुरती होती, वारसाहक्काची नव्हती. आणि तिने कर्जाचा डोंगर हलला नाही. १६२६ साली व्यापाऱ्यांशी तडजोड झाली ती अठराशे पौंडांवर, वर्षाला दोनशेच्या हप्त्याने, आणि हप्त्यांसाठी भरवसा पुन्हा बीव्हरवरच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सलेच्या गुलामाला खंडणी भरून सुटण्याची आशा असे. अटलांटिकपलीकडच्या मळ्यांवर गुलाम आईचे मूलही गुलामच जन्मे. दोन्ही एका तराजूत घालू नयेत, हे मला पटते. मी त्यांना समान म्हणत नाही, शेजारी म्हणतो. मासळी, माणसे आणि कातडी त्याच दर्यावरून, त्याच हिशेबी कागदांवर फिरत होती.

‘तो काळच तसा होता’ हा तिसरा आक्षेप मात्र मी साफ नाकारतो. मलागात काही धर्मगुरूंनीच उरलेल्या बंद्यांची विक्री थांबवली. हंट ज्याच्या हाताखाली आला होता त्या जॉन स्मिथने त्याचा लेखी निषेध केला. खुद्द प्लिमथवाले १६२१ साली नॉसेटला निघाले तेव्हा वाटेत एक अतिवृद्ध बाई त्यांना पाहून धाय मोकलून रडू लागली. तिचे तीन मुलगे हंटने नेले होते. हंट वाईट माणूस होता, त्याला आम्ही सारे इंग्रज दोष देतो, असे त्यांनी तिला सांगितले आणि किरकोळ वस्तू देऊन तिचे सांत्वन केले. पण त्याच वर्षी ज्या मॅसॅसॉइट नावाच्या स्थानिक प्रमुखाशी त्यांनी तह केला, त्याचा मुलगा मेटाकॉम १६७६ साली इंग्रज वसाहतींशी झालेल्या युद्धात मारला गेला. मेटाकॉमच्या सुमारे नऊ वर्षांच्या मुलाचे काय करायचे, यावर धर्मोपदेशकांनी बायबल उघडून खल केला, आणि १६७७ साली प्लिमथने त्याला गुलाम म्हणून परदेशी विकले.