न दिसणाऱ्या कामाची परीक्षा



ज्या तारापुरात १९६९ साली देशातील पहिल्या अणुविद्युत केंद्राची वीज वाहू लागली आणि ज्याच्या शेजारी बोईसरची औद्योगिक वसाहत रसायने, औषधे, कापड व पोलाद यांच्या कारखान्यांनी गजबजली, त्या भूमीवर शिल्प निदेशक, प्राध्यापक व कारखान्यांचे प्रतिनिधी यांच्या या परिषदेत कसबाच्या परीक्षेचा विचार व्हावा हे सर्वथा उचित आहे. कारण येथे वेल्डिंगच्या उमेदवाराला जोडाची व्याख्या विचारून कोणी कामावर घेत नाही, त्याच्याकडून जोड करवून घेतात आणि तो कसोटीला लावतात.

सर्व्हरवरील प्रोग्रामिंगला मात्र आपण हा न्याय अद्याप लावलेला नाही. ब्राउझरमध्ये दिसते ते केवळ दर्शनी पान. आलेला अर्ज ग्राह्य आहे की नाही हे तपासणे, तो पाठवणाऱ्याला कोणत्या दफ्तराला हात लावण्याचा अधिकार आहे हे ठरवणे, डेटाबेसात नोंद करणे आणि काही बिघडल्यास त्याचे कारण लॉगमध्ये टिपून ठेवणे, हे सारे परीक्षकाच्या नजरेआड घडते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील एक वर्षाचा ‘कोपा’ (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट) ट्रेड घ्या किंवा तंत्रनिकेतनातील पीएचपीचा विषय घ्या. बहुपर्यायी प्रश्नांतून स्मरणशक्तीची, आणि जर्नलमधील ओळखीच्या प्रोग्रामातून हस्ताक्षराची परीक्षा होऊ शकते, पण कसबाची होत नाही.

याचे एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले देतो. वसईत डि’मेलो, डि’सोझा ही आडनावे अनेक घरांत आहेत आणि रोमन लिपीत ती लिहिताना मध्ये एक अवतरणचिन्ह येते. विद्यार्थ्याने अर्जातील अक्षरे जशीच्या तशी एसक्यूएलच्या आज्ञेत गुंफली असतील, तर त्या चिन्हापाशी नाव संपले असे डेटाबेस समजतो आणि पुढची अक्षरे आज्ञेचाच भाग म्हणून वाचू लागतो. त्यामुळे निरपराध माणसाचा अर्ज अडतो आणि हीच फट हेरणाऱ्या लबाडाला सारे दफ्तर खुले होऊ शकते. हा धोका टाळणाऱ्या ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट’ची व्याख्या अचूक लिहिणारा विद्यार्थी या एका आडनावाशी अडखळला, तर त्याला गुण कशाचे द्यावेत?

दुसरे उदाहरण कारखान्याचे. स्टोअरमध्ये द्रावकाचे २० ड्रम शिल्लक असताना दोन खात्यांतून एकाच क्षणी प्रत्येकी १५ ड्रमांची मागणी नोंदवली गेली, आणि शिल्लक वाचणे व ती वजा करणे या दोन क्रिया प्रोग्रामने एकाच अखंड ट्रान्झॅक्शनमध्ये योग्य लॉकसह बांधल्या नसतील, तर दोन्ही मागण्या मंजूर होऊ शकतात. एकटा परीक्षक एकदाच बटण दाबून पाहतो, तेव्हा हा दोष कधीच उघड होत नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, परीक्षेत विद्यार्थ्याच्या हाती कोरे पान न देता एक चालू पण सदोष प्रोग्राम द्यावा, संदर्भपुस्तके व इंटरनेट खुले ठेवावे आणि ठरावीक मुदतीत त्याने दोष शोधून दुरुस्त करावेत. नंतर सर्वांच्या कामावर एकाच ठरलेल्या चाचण्या संगणकाकरवी चालवाव्यात: अवतरणचिन्हाचे नाव, लॉगिनवाचून केलेली विनंती, एकाच वेळी आलेल्या दोन मागण्या, आणि डेटाबेसात पासवर्ड हॅश न करता उघडा तर ठेवलेला नाही ना याची तपासणी. यामुळे या भागात परीक्षकाच्या मर्जीला वाव उरत नाही. शेवटी तोंडी परीक्षा मराठीतच घ्यावी, आणि विद्यार्थ्याला त्याच्याच प्रोग्रामातील एक ओळ दाखवून ती काढली तर काय होईल हे विचारावे. आजकाल यंत्राकडून प्रोग्राम लिहून घेता येतो, पण त्याची जबाबदारी घेण्याइतकी समज उसनी आणता येत नाही.

एवढा वेळ व एवढे परीक्षक आणावेत कोठून, हा आक्षेप रास्त आहे. परंतु १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने कारखान्यांनाही प्रशिक्षणाचे वाटेकरी केले आहे, तेव्हा तारापूरच्या कारखान्यांतील अनुभवी संगणक-अभियंत्यांनी वर्षातून काही दिवस परीक्षकाच्या खुर्चीवर बसावे, अशी विनंती करण्याचा आपल्याला अधिकार आहे. कामावरून पारख करण्याची रीत येथे नवीही नाही: याच जिल्ह्यातील कोसबाडला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलांच्या हाताला काम देऊन व ते निरखून त्यांची वाढ ओळखली. जव्हार-मोखाड्याहून येणाऱ्या, इंग्रजी प्रश्नपत्रिकेपुढे बुजणाऱ्या तरुणाला त्याच्या कामावरून ओळखणे हे आपले त्या परंपरेशी इमान ठरेल.

या परिषदेने केवळ ठराव संमत करून थांबू नये. प्रत्येक संस्थेने दोषांसह एक प्रोग्राम आणि त्याच्या चाचण्या तयार कराव्यात, त्या एकमेकांना द्याव्यात, आणि पुढील परीक्षेपूर्वी जिल्ह्याचा सामाईक संग्रह उभा करावा. आपण दिलेला दाखला पाहून कारखानदाराने पुन्हा परीक्षा घेण्याची गरज मानू नये, इतका तो विश्वासार्ह व्हावा, हीच माझी आपणा सर्वांकडे कळकळीची मागणी आहे.