तकाकीखालचे तडे
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



काचेवर बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली, तेव्हा मी कलाशाखेचा पदवीधर आहे, याची चिटणीसांना आठवण करून दिली. परंतु केंद्र सरकारच्या सेवेतील माझी बरीच वर्षे भिंगे, लोलक आणि दुर्बिणी यांच्या खरेदी-तपासणीच्या फायलींत गेली. त्या काळात कारागिरांनी जे शिकविले, तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

खिडकीची काच तोडताना कारागीर तिच्यावर हिऱ्याने एक बारीक रेघ ओढतो आणि दोन्हीकडून हलकेच दाब देतो. काच त्याच रेघेवर दुभंगते. एवढ्याशा ओरखड्यात असे कोणते बळ असते? फार्नबरो येथील विमानसंशोधन संस्थेतील ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ साली याची उपपत्ती मांडली. काचेच्या कणांमधील मूळ बंध फार बळकट असतात. परंतु पृष्ठभागावरील सूक्ष्म तड्यांच्या टोकाशी सारा ताण एकवटतो आणि काच अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी भाराने फुटते. काचेचे बळ असे तिच्या तड्यांवर ठरते.

आता भिंग कसे घडते ते पाहू. प्रथम ते भरड कणांनी घासून आकारास आणतात. प्रत्येक कण काचेचा कपचा उडवितो आणि खाली तडे सोडून जातो. घासलेल्या काचेच्या पोटात तड्यांचा असा थर असतो, हे एफ. डब्ल्यू. प्रेस्टन यांनी १९२२ साली दाखवून दिले. पुढे क्रमाक्रमाने बारीक कण वापरतात आणि शेवटी सिरियम ऑक्साइडसारख्या भुकटीने घोटून तकाकी आणतात. घोटण्याची घाई केली, तर धुरकटपणा जातो, डोळ्याचे समाधान होते. तडे मात्र पातळ कातडीखाली तसेच राहतात. म्हणून कारागिरांचा एक आडाखा आहे: आधीच्या कणाच्या व्यासाच्या सुमारे तिप्पट जाडी पुढच्या टप्प्यात उतरवावी. कण ३० मायक्रॉनचा असेल, तर ९० मायक्रॉन काच गेली पाहिजे.

हा आडाखा मोडण्याचा एक प्रस्ताव माझ्या टेबलावर आला होता. एका पुरवठादाराला मालास उशीर होत होता. बारीक घासणीचा वेळ निम्म्यावर आणू द्यावा, कारण शेवटी तकाकी तीच येते, असे त्याचे म्हणणे होते. भिंगावर भिंग ठेवून पाहिले, तरी फरक दिसेना. तेव्हा तपासणी विभागातील एका वयस्क कारागिराने दोन्ही प्रकारचे एकेक भिंग सौम्य हायड्रोफ्लुओरिक आम्लात ठेवविले. आम्लाने वरची कातडी खाल्ली. पूर्ण वेळ घासलेले भिंग जवळजवळ स्वच्छ राहिले. दुसऱ्यावर ओरखड्यांचे जाळे उमटले. प्रस्ताव नामंजूर झाला. माल उशिरा आला, पुरवठादाराला विलंबाचा दंडही बसला. पण जे आले ते विश्वासाचे होते.

दडलेल्या तड्यांनी बिघडते तरी काय? ताणाखालच्या काचेत हवेतील ओलाव्याने तडा हळूहळू वाढू शकतो. तड्यात अडकलेली घोटण्याची भुकटी प्रखर लेसर किरणांखाली तापते आणि भिंगाचा नाश तेथून सुरू होतो.

पोलादाचीही कथा निराळी नाही. कठीण केलेला दंतचक्राचा दात सहाणेच्या चाकावर घाईने घासला, तर उष्णतेने त्याचे वरचे कवच नरम पडते, कधी बारीक चिराही जातात. वरून तो लखलखीतच दिसतो. मद्यार्कात मिसळलेल्या सौम्य नायट्रिक आम्लाने पुसताच जळालेल्या जागा काळसर उमटतात.

याउलट, तडेच नसतील तर काच काय करू शकते? अमेरिकेतील लायगो वेधशाळेत ४० किलो वजनाचे आरसे शुद्ध सिलिका काचेच्या केवळ चार तंतूंवर टांगलेले आहेत. प्रत्येक तंतू जेमतेम ०.४ मिलिमीटर जाड! ज्या कांडीतून तो ओढायचा, तिचा पृष्ठभाग आधी लेसरच्या उष्णतेने वितळवून निर्दोष करतात, आणि तयार तंतूस कशाचाही स्पर्श होऊ देत नाहीत. अशीच वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली, ही आपणा सर्वांस आनंदाची गोष्ट आहे.

सभागृहात तरुण अभियंते बसले आहेत. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, वेळ वाचविण्याचा आग्रह नेहमी न दिसणाऱ्या टप्प्यावरच येतो, कारण तेथील काटछाट त्या दिवशी कोणालाच कळत नाही. तो टप्पा राखणाऱ्या कारागिराचे नाव कोणत्याही उपकरणावर कोरलेले नसते. निदान फायलीवर सही करणाऱ्याने तरी त्याचे म्हणणे ऐकावे.

आणि भगिनींनो, चष्मा कोरड्या पदराने पुसू नका. धुळीत वाळूचे कण असतात. आधी पाण्याने धुवा, मग पुसा.