नालंदा महाविहाराची भिंत आणि आपलं गावकूस

(वर्धापनदिनी विहारात केलेले भाषण)



आपल्या विहाराला कंपाउंडची भिंत बांधायची आहे, त्या निमित्ताने दोन शब्द बोला, असं कमिटीने सांगितलं. भिंत म्हटलं की आपल्या लोकांना पहिलं गावकूस आठवतं. आत कोण आणि बाहेर कोण, हे तिथे जन्मावर ठरत होतं. आपले बापजादे पिढ्यान् पिढ्या बाहेरच राहिले.

पण बौद्धांनीही एक भिंत बांधली होती. बिहारमधल्या नालंदा महाविहाराची. पाचव्या शतकात, गुप्त राजा कुमारगुप्ताच्या काळात हा महाविहार उभा राहिला. सातव्या शतकात चिनी भिक्खू ह्युएन त्संग तिथे शिकला. सगळ्या विहारांना मिळून बाहेरून एकच विटांची भिंत होती आणि आत जायला एकच दरवाजा, असं त्याच्या चरित्रात नमूद आहे.

१९१५ पासून तिथे मोठं उत्खनन झालं. एका ओळीत विटांचे विहार, समोर चैत्य, मधून रुंद वाट. लाल विटा घासून अशा बसवल्यात की काही ठिकाणी सांधा दिसत नाही. एक विहार पडला की त्याच्याच पायावर दुसरा उभा केला. पहिल्या नंबरच्या विहारात असे नऊ थर सापडले. नवव्या शतकात सुवर्णद्वीपाच्या बालपुत्रदेव राजाने तिथे विहार बांधला आणि देवपाल राजाने त्याच्या खर्चाला पाच गावं दिली. त्या दानात भिक्खूंचं अन्न आणि चीवर होतं, तसंच पोथ्या लिहून घेण्याचा खर्चही होता, हे ध्यानात घ्या.

आता दरवाजाचं ऐका. बाहेरून आलेल्याला तिथे कठीण प्रश्न विचारत. दहातले सात-आठ परत जात, असं ह्युएन त्संग लिहितो. म्हणजे परीक्षा विद्येची होती. गावकुसापेक्षा ही गोष्ट फार मोठी. पण मी विचारतो, ते सात-आठ जण गेले कुठे? आज आपल्या वस्तीत दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतात. तिथलं पोरगं अभ्यास कुठे करणार? त्याच्यासाठी विद्येचा दरवाजाही बंदच की!

म्हणून माझी कमिटीला विनंती आहे. भिंत छातीएवढीच बांधा, वाचलेल्या वर्गणीत अभ्यासिका करा, आणि रात्री फाटकाला कुलूप लावू नका.

नालंदा जाळलं गेलं, भिंतीने ते वाचलं नाही. तरी १२३५ च्या सुमारास तिबेटी भिक्खू धर्मस्वामी तिथे गेला, तेव्हा नव्वदीचे राहुलश्रीभद्र त्या पडझडीत सत्तरेक विद्यार्थ्यांना शिकवत होते. भिंत गेली, पण शिकवणं थांबलं नव्हतं. आपण आधी शिकवणं सुरू करू, भिंत मागाहून होईल.

नमो बुद्धाय, जयभीम!