नळाचे पाणी आणि न्यायाचे माप

वसई-विरारच्या घराघरांत नळाला पाणी येते, त्यातील मोठा वाटा सूर्या नदीचा आहे. विक्रमगड तालुक्यातील धामणी येथे ही नदी अडविली, ती मुख्यत्वे आदिवासी भागातील शेती भिजविण्यासाठी. पुढे शहरे वाढली आणि पाण्याची वाट वळली. सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेत दररोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी योजिले गेले. वसई-विरारला १८५ आणि मीरा-भाईंदरला २१८.

शहराची तहान खोटी नव्हे. परंतु हे दुःख वसईस अपरिचितही नाही. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत येथील बागाइती विहिरींचे पाणी टँकर भरभरून नव्या इमारतींकडे जाऊ लागले. समुद्रालगतच्या भूमीतील गोडे पाणी अतोनात उपसले की खारे पाणी आत शिरते, हे शास्त्र तेथील शेतकऱ्यास विहिरीनेच शिकविले. त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली ‘हरित वसई’ची चळवळ उभी राहिली.

मग वसईने स्वतःसाठी जो न्याय मागितला, तो सूर्येच्या खोऱ्यास नाकारावा काय? पर्यावरणाचा अभ्यासक धरणातील साठा मोजतो, तोडलेली झाडे मोजतो. ते अवश्य मोजावे. पण कोणाचे शेत कोरडे राहिले, कोणत्या पाड्यातील स्त्रीच्या डोक्यावर हंडा कायम राहिला, निर्णयापूर्वी कोणास विचारले, हेही त्याच तक्त्यात मांडले पाहिजे. दरडोई सरासरी काढली की भरलेला हौद आणि रिकामा हंडा एकाच आकड्यात लपतात. तो आकडा उलगडून दाखविणे, हेच खरे संशोधन होय.