उन्हाळी, क्रॅनबेरी आणि तांब्याभर पाणी
(मंडळाच्या महिला शाखेच्या विद्यमाने वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



महिला शाखेच्या चिटणीसबाईंनी या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो, हे कबूल केले पाहिजे. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग हा काही संमेलनाच्या व्यासपीठावरून उच्चारण्याचा विषय नव्हे, अशीच आपल्या घरांतून समजूत आहे. परंतु बाई म्हणाल्या, “तुम्ही बोलत नाही, आम्ही विचारत नाही, आणि दुखणे मात्र घरोघरी आहे.” यावर आम्हांस काही उत्तर सुचले नाही, म्हणून आज येथे उभे आहोत. आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टरही नव्हे. पस्तीस वर्षे औषधांचे दुकान चालविले, एवढाच आमचा अधिकार.

दुकानात या दुखण्याचे गिऱ्हाईक लांबूनच ओळखू येते. इतर मंडळी निघून जाईपर्यंत त्या भगिनी बाजूला उभ्या राहतात, आणि मग हलक्या आवाजात ‘ते लाल पुडीचे औषध’ मागतात. कधी कधी दहा वर्षांच्या मुलाच्या हाती चिठ्ठी येते. लघवीला जळजळ होणे, घडीघडी जावेसे वाटणे, गेले तरी थेंबभरच होणे, ओटीपोटात दुखणे, यालाच आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ म्हणतात, आणि ‘उष्णता झाली’ असे निदान घरातच ठरून जाते. आयुर्वेदाने यास मूत्रकृच्छ्र हे नाव दिले असून चरकसंहितेत त्याचे आठ प्रकार सांगितले आहेत. तेव्हा दुखणे जुनेच आहे. नवे एवढेच, की त्याचे कारण बहुतेक वेळी बाहेरची उष्णता नसून आपल्याच आतड्यांत राहणारा ई. कोलाय नावाचा जंतू असतो, हे आता कळले आहे. आतड्यात तो निरुपद्रवी असतो. मूत्राशयात शिरला म्हणजे उपद्रव देतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग अवघा ४ सेंटिमीटरच्या आसपास, पुरुषांचा सुमारे २० सेंटिमीटर. जंतूला जावयाची वाट कोणाकडे जवळची, हे सांगावयास नको. सुमारे निम्म्या स्त्रियांना जन्मात एकदा तरी हा त्रास होतो. यात अस्वच्छतेचा दोष किंवा चारित्र्याचा प्रश्न काडीमात्र नाही, हे विशेषतः सासूबाईंनी ध्यानात घ्यावे.

आता उपायांकडे वळू. धने-जिऱ्याचे पाणी, जवाचे पाणी, वाळ्याचे पाणी, शहाळे, भिजवलेला सब्जा, गोखरूचा काढा, हे आपल्या आजीच्या फडताळातले उपाय. यांची थट्टा करणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. परंतु यांनी जंतू मरतात असे खात्रीने दाखविणाऱ्या मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत. आमच्या अल्पमतीने यांचा बराचसा गुण त्यांतल्या पाण्यात आहे. धने तांब्याभर पाण्यात भिजवून दिवसभर पीत राहिले, तर तांब्याभर पाणी पोटात जातेच. मात्र मधुमेह्याने उसाच्या रसाच्या मागे लागू नये, आणि ज्यांची मूत्रपिंडे अशक्त आहेत त्यांनी शहाळे डॉक्टरांस विचारूनच घ्यावे, कारण त्यात पोटॅशियम पुष्कळ असते. जळजळ शमविणारी क्षारांची सिरपे दुकानांतून सर्रास खपतात. त्यांतल्या सोडियमच्या क्षारांनी रक्तदाबाच्या व हृदयविकाराच्या रुग्णांस अपाय होऊ शकतो. शिवाय डॉक्टरांनी नायट्रोफ्युरँटॉइन दिले असेल तर असे सिरप जोडीला घेऊ नये. ते औषध आम्ल लघवीतच चांगले काम करते, आणि क्षाराने त्याचे बळ कमी होते.

गेल्या काही वर्षांत या सर्वांना मागे टाकून क्रॅनबेरी आली. हे उत्तर अमेरिकेतले आंबट लाल फळ. मॅसॅच्युसेट्स व विस्कॉन्सिन या संस्थानांत पाणथळ वाफ्यांतून त्याची शेती होते, आणि फळ तयार झाले म्हणजे वाफे पाण्याने भरून तरंगणारी फळे गोळा करतात. आपल्या घाटातले करवंद ‘भारतीय क्रॅनबेरी’ म्हणून विकले जाते, परंतु दोहोंचे कूळ वेगळे. करवंद तोडले तर चीक निघतो, क्रॅनबेरीला चीक नाही. करवंद खावे, आवडीने खावे, पण या कामासाठी नव्हे. क्रॅनबेरीत एक विशिष्ट द्रव्य असते, त्यामुळे ई. कोलायला मूत्राशयाच्या अस्तराला चिकटून बसणे अवघड जाते. न चिकटलेला जंतू लघवीबरोबर वाहून जातो.

हे खरे किती? कॉक्रेन ही संस्था जगभरच्या चाचण्या एकत्र करून त्यांचा निवाडा देते. तिने २०१२ साली सांगितले की क्रॅनबेरीचा म्हणावा तसा उपयोग दिसत नाही. पुढे आणखी चाचण्या आल्या, आणि २०२३ साली ५० चाचण्या व जवळजवळ ९,००० माणसे हिशेबात घेऊन त्याच संस्थेने आपले मत बदलले. ज्या स्त्रियांना हा त्रास पुनःपुन्हा होतो त्यांच्यात क्रॅनबेरीने पुढील संसर्गाचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाले, आणि मुलांत निम्म्याहून अधिक. गर्भवती स्त्रिया आणि वृद्धाश्रमांसारख्या संस्थांत राहणारी वृद्ध मंडळी यांना मात्र लाभ दिसला नाही. मत बदलण्याचा हा प्रामाणिकपणा आम्हांस फार आवडला. आपल्या मंडळाच्या काही जुन्या ठरावांनाही तो लाभता तर बरे झाले असते.

परंतु यातला ‘पुढील’ हा शब्द विसरू नये. क्रॅनबेरीने झालेला संसर्ग बरा होतो, याचा पुरावा नाही. शिवाय बाटलीतल्या गोड सरबतात साखरच फार. रक्त पातळ करणारे वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी व मुतखड्याची प्रवृत्ती असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या संमतीवाचून ती घेऊ नये.

क्रॅनबेरीच्या पुडीत हल्ली डी-मॅनोज नावाची साखरही घालतात. जंतू या साखरेलाच चिकटून फसतो आणि बाहेर पडतो, ही कल्पना ऐकावयास मोठी सुंदर. ब्रिटनमध्ये ५९८ स्त्रियांवर तिची कसोटी घेतली, तिचे फलित २०२४ साली प्रसिद्ध झाले. सहा महिने रोज २ ग्रॅम मॅनोज घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के स्त्रियांना पुन्हा संसर्गाच्या तक्रारीसाठी दवाखान्याची पायरी चढावी लागली. नुसती दिखाऊ पूड घेणाऱ्यांत हेच प्रमाण सुमारे ५६ टक्के होते. हा फरक योगायोगाने पडावा इतकाच. आम्ही स्वतः या पुड्या पुष्कळ विकल्या आहेत, तेव्हा हे सांगताना आम्हांस आनंद होत नाही.

येथे आमच्या घरातली एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आमच्या थोरल्या भगिनी, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, वय त्या वेळी बासष्ट, मधुमेह जुना. त्यांना उन्हाळी लागली. घरात औषधांचे दुकान असताना दवाखाना कशाला, असे त्या म्हणाल्या, आणि तेच आम्हांसही पटले. आम्ही आमच्याच फळीवरची पुडी काढून दिली, वर धन्याचे पाणी. चौथ्या दिवशी जळजळ कमी झाली आणि आम्ही आपलीच पाठ थोपटली. सहाव्या रात्री अक्कांना हुडहुडी भरून ताप आला, उजव्या कुशीत असह्य कळा, आणि ओकाऱ्या. पहाटे रुग्णालयात नेले. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला होता. नऊ दिवस शिरेतून औषधे द्यावी लागली. तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनी रागाने नव्हे, पण स्पष्टपणे एकच विचारले, “काका, पहिल्याच दिवशी लघवी का तपासली नाही?” दुकानापासून तपासणीची प्रयोगशाळा वीस पावलांवर होती. अक्का वाचल्या, परंतु अजूनही त्यांच्यासमोर हा विषय निघाला की आम्ही उठून अंगणात जातो.

म्हणून जळजळ सुरू होताच लघवीची तपासणी करावी, आणि मधली धार स्वच्छ बाटलीत धरून ती प्रतिजैविक औषधाचा पहिला डोस घेण्यापूर्वी द्यावी. ताप, थंडी, कुशीतले दुखणे किंवा लघवीत रक्त दिसले तर घरी एक दिवसही काढू नये. गर्भवती, मधुमेही, लहान मुले, आणि पुरुषही, यांनी घरगुती उपायावर थांबूच नये. घरात उरलेल्या चार गोळ्या शेजारणीला देण्याची रीत तर आपण सोडलीच पाहिजे. अर्ध्या औषधाने रोग दबतो, आणि पुढल्या वेळी तेच औषध लागू पडत नाही. पाळी गेल्यानंतर ज्यांना हा त्रास वरचेवर होतो त्यांच्यासाठी डॉक्टरांपाशी आत लावण्याचे इस्ट्रोजेनचे मलम असते, त्याचा गुण चांगला येतो. संकोचामुळे ते कोणी विचारत नाही.

आणि आता पाणी. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १४० स्त्रिया घेतल्या. या सर्वजणी दिवसाला दीड लिटरहून कमी पेये घेत आणि वर्षातून तीन किंवा अधिक वेळा आजारी पडत. निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी अधिक प्यावयास लावले. वर्षाअखेरीस त्यांचे आजारपण सरासरी १.७ वेळा आले, आणि पूर्वीप्रमाणेच पिणाऱ्यांचे ३.२ वेळा. आमच्या दुकानातल्या कोणत्याही पुडीचा आकडा याच्या जवळपास जात नाही. (हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारात पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.)

पण भगिनींनो, तुम्ही पाणी का पीत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. जावयाचे कोठे, हा प्रश्न आहे. शाळेतल्या मुली पाण्याची बाटली भरलेली परत आणतात. एस्. टी.च्या प्रवासाला निघणारी बाई सकाळपासून घोटभर चहावर राहते. लघवी तासन्‌तास अडवून धरली म्हणजे जंतूंना वाढावयास सवड मिळते. आणि दूर कशाला जावे? आपल्या याच कार्यालयात लग्नाच्या दिवशी चारशे पाने उठतात, स्त्रियांसाठी शौचकूप दोन, त्यांतल्या एकाला आतून कडी नाही. आज सकाळी आमच्या सूनबाईंनी दारापाशी उभे राहून तीन वृद्ध भगिनींसाठी पहारा केला. मंडप, सनई आणि सत्कार यांवर आपण जो खर्च करतो, त्यापुढे एक कडी आणि आणखी दोन खोल्या ही काय मोठी बाब?

कडीचा खर्च आम्ही आजच देत आहोत, सुतार उद्या येईल. खोल्यांचा प्रस्ताव आम्ही लेखी स्वरूपात अध्यक्षांच्या हाती दिला असून तो येत्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्याचे त्यांनी मान्य केले आहे. त्या सभेला भगिनींनी मोठ्या संख्येने यावे, कारण मागील सभेत उपस्थित स्त्रिया अवघ्या सात होत्या.

ज्यांना काही विचारावयाचे असेल त्यांच्यासाठी चिटणीसबाईंनी कोरे कागद व पेटी दाराशी ठेवली आहे. कागदावर नाव लिहू नये. औषधांसंबंधी जे आम्हांस सांगता येईल ते सांगू, बाकीच्या प्रश्नांसाठी ज्ञातीतल्या एक डॉक्टर भगिनी दुपारच्या चहानंतर मागच्या खोलीत बसणार आहेत. पाण्याचा पिंपही तेथेच आहे.