पटावरची पोरं मोजा



मुख्याध्यापकांच्या जिल्हा संमेलनाचं अध्यक्षपद मला दिलंत, त्याबद्दल आभारी आहे. माझ्याहून लायक माणसं समोर बसली आहेत, पण त्यांना आज बोलून उद्या खुलासा लिहायचा नाही. माझी पेन्शन सुरू झाली आहे, त्यामुळे मला ती धास्ती नाही. मंडप, नाश्ता, बैठक व्यवस्था, सगळं झकास. स्वागत समितीचं अभिनंदन.

आता विषय. पत्रिकेवर छापलंय, ‘पुरस्कारप्राप्त उच्च प्राथमिक शाळांच्या शैक्षणिक गुणवत्तेचा तुलनात्मक आढावा’. संयोजकांनी त्यासाठी मला भली जाड फाईल पाठवली. मी ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. आढावा असा, की शाळा रंगवलेल्या आहेत, परसबागा हिरव्या आहेत, भिंती बोलक्या आहेत आणि प्रत्येक शाळेने शिष्यवृत्तीधारकांचे फोटो लावले आहेत. झाला आढावा. कारण त्या फाईलमध्ये ज्या रकान्यावाचून तुलना होऊच शकत नाही, तो रकानाच नाही. आठवीचा पट किती, हे एकाही शाळेने लिहिलेलं नाही.

ही गोष्ट मी बरीच वर्षं पोटात ठेवली आहे. आज माईक हातात आहे, तर बोलून घेतो.

आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल कसा तयार होतो, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जुलैत तुकडी निवडायची. हुशार दहा पोरं बाजूला काढायची, त्यांना जादा तास, सराव संच, रविवारी चाचणी. फॉर्म तेवढ्यांचेच भरायचे. बाकीच्यांच्या आयांना सांगायचं, “ताई, तुमच्या पोराला झेपणार नाही, उगाच मन मोडेल त्याचं.” दीडदीडशे गुणांचे दोन पेपर, प्रत्येकात चाळीस टक्के पडले की पोरगं पात्र. दहातली नऊ पात्र झाली की फ्लेक्सवर छापायचं, निकाल ९० टक्के. त्या आठवीचा पट चौतीस असतो. उरलेली चोवीस पोरं कुठं गेली, हे ना फ्लेक्स सांगतो, ना पुरस्काराचा प्रस्ताव.

शेजारच्या गावात एक वेडा हेडमास्तर अठ्ठावीसच्या अठ्ठावीस पोरांना बसवतो. चौदा पात्र होतात. त्याचा निकाल ५० टक्के. तालुक्याच्या बैठकीत त्याला उभं करून विचारतात, “गुरुजी, गुणवत्तेचं काय?” अहो, पटावर धरून मोजा की! पहिल्या शाळेत चौतिसांत नऊ, म्हणजे शंभरातली सव्वीस पोरं. दुसरीत शंभरातली पन्नास. पुरस्कार कुणाला मिळाला, ते तुम्हाला सांगायला नको. अपूर्णांक सहावीला शिकवायचे आणि निकाल लिहिताना छेद पुसून टाकायचा, हा आपला धंदा!

‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ हे अभियान आलं तेव्हा वाटलं, आता तरी काही बदलेल. राज्यातल्या पहिल्या शाळेला ५१ लाख रुपये. लहान रक्कम नाही. दुसऱ्या टप्प्यात दीडशे गुण होते. त्यातले पायाभूत सुविधांना ३३, शासनाच्या धोरणांच्या अंमलबजावणीला ७४ आणि शैक्षणिक संपादणुकीला ४३. दीडशेत त्रेचाळीस! पोरगं काय शिकलं, याला तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. रंगरंगोटीवर माझा राग नाही. गळकं छत दुरुस्त झालं तर ते पोरांच्याच डोक्यावरचं आहे. पण मूल्यमापन समिती यायच्या आदल्या दिवशी हँडवॉश स्टेशनला नवे नळ बसतात आणि समितीची गाडी वळणाआड गेली की ते काढून कपाटात ठेवतात, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

आणि अभियानाचा पहिला टप्पा कधी होता? १ जानेवारी ते १५ फेब्रुवारी २०२४. त्या वर्षीची शिष्यवृत्ती परीक्षा कधी? १८ फेब्रुवारीला. पुढच्या वर्षी ९ फेब्रुवारीला. आपल्या जिल्ह्यात जानेवारी-फेब्रुवारीत काय असतं, हे मंत्रालयात कुणी विचारलं होतं का? साखर कारखान्यांचं गाळप चालू असतं. दिवाळीच्या आसपास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीच्या टोळ्या निघालेल्या असतात, आईबापांच्या मागे पोरं फडावर. हंगामी वसतिगृह झालं तर काही थांबतात, नाही झालं तर निम्मा वर्ग रिकामा. अशा वेळी समिती आली आणि तिने हजेरीचे गुण दिले. पोरं गावात असतात जून ते ऑक्टोबर, आपण त्यांना मोजतो फेब्रुवारीत.

एका मुलीचं सांगतो. सहावीत आली तेव्हा धडा वाचायला सांगितला की चित्र बघून अंदाजाने बोलायची. त्या वर्षी ती नोव्हेंबरात गेली, एप्रिलात आली. सातवीत पुन्हा तेच. पण जेवढे महिने हाताशी असायची तेवढे महिने आमच्या बाई तिला सोडायच्या नाहीत. प्रार्थनेआधी अर्धा तास वाचन, मधल्या सुट्टीत गुणाकार. आठवीच्या एप्रिलात ती फडावरून परत आली, उसाच्या पात्यांनी हात चिरलेले. दोन दिवसांनी बाप शाळेत. म्हणाला, “गुरुजी, पोरीनं मुकादमाचा हिशेब परत मांडला.” काट्याच्या पावत्या तिने एका वहीत उतरवून काढल्या होत्या, तारीखवार. टन गुणिले दर, त्यातून उचल वजा. दोन खेपा मुकादमाने धरल्याच नव्हत्या. ती वही मी हातात घेऊन पाहिली. एके ठिकाणी हातचा चुकला होता, तोही तिने खोडून दुरुस्त केला होता.

ही मुलगी त्या वर्षीच्या कुठल्या यादीत होती? गैरहजरांच्या. आमच्या शाळेचा निकाल तिने खाली ओढला. आणि ज्या शाळेला पुरस्कार मिळाला, तिथे आठवीत असं एकही पोरगं नव्हतं, कारण सहावीच्या प्रवेशालाच त्यांनी आयांना शेजारच्या शाळेचा रस्ता दाखवला होता. अशा दोन शाळा शेजारी ठेवून तुम्ही काय मोजता?

सकाळच्या परिसंवादात आपल्या मित्रांनी बराच वाद घातला. सेमी-इंग्रजी की मराठी माध्यम? सेमीने पट टिकतो हे खरं आहे. पण मी सेमीचा गणिताचा तास चालू असलेल्या वर्गात मागे बसून पाहिलंय. पोरं ‘डिनॉमिनेटर’ खणखणीत म्हणतात आणि तो कुठला आकडा, हे विचारलं की बाईंच्या तोंडाकडे बघतात. वाद मिटला. डिजिटल फळ्याबद्दल बोलायचं तर वीजबिल कोण भरतं ते आधी ठरवा.

कुणीतरी म्हणालं, राष्ट्रीय सर्वेक्षणाचे आकडे घ्या. अहो, ते नमुना सर्वेक्षण. २०२१ला आठवी होती, २०२४च्या ‘परख’मध्ये तिसरी, सहावी आणि नववी. ते जिल्हा सांगतं, तुमची-माझी शाळा सांगत नाही. ‘असर’ पाहणीवाल्यांवर आपली मंडळी चिडतात, पण त्यांची एक गोष्ट मला आवडते. ते पोरांच्या घरी जातात. समोरच्या पोराला दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला लावतात. त्यांच्या पाहणीत पोरांची तुकडी निवडता येत नाही. म्हणूनच त्यांचे आकडे आपल्याला झोंबतात.

माझी मागणी एवढीच. दोन शाळांची एकदा तुलना करण्यापेक्षा एकाच पोराची दोनदा करा. सहावीत आलं तेव्हा काय येत होतं, आठवीतून गेलं तेव्हा काय येतं. पटावरच्या प्रत्येकाची नोंद हवी. मध्ये गेलेल्यांची, परत आलेल्यांची, दाखला नेलेल्यांचीही. ज्या शाळेत जेमतेम सहा पोरं आठवीला आहेत, तिचा एका वर्षाचा आकडा बघूच नका. एक पोरगं तापाने पडलं की निकाल घसरतो. तिथे तीन-चार वर्षं एकत्र धरा.

असा तक्ता आपण जिल्ह्यापुरता करू शकतो. नमुना कोण बनवणार, माहिती कोण भरणार, हे अजून ठरलेलं नाही. दोन-चार केंद्रप्रमुख आणि एखादा गणिताचा तरुण शिक्षक मिळाला तर बरं. मी यायला तयार आहे, डोळ्याचं ऑपरेशन झालं की.

स्वागताध्यक्षांनी वेळ संपल्याची चिठ्ठी दिली आहे, दुसऱ्यांदा. संपवतो. पुरस्कार वितरणासाठी आता शाळांची नावं पुकारली जातील. मुख्याध्यापकांनी व्यासपीठावर येताना आठवीचा पट आणि परीक्षेला बसलेल्यांची संख्या कागदावर लिहून आणावी. सन्मानचिन्ह माझ्या हातून द्यायचं असेल, तर ते दोन आकडे मी आधी माईकवर वाचणार.